जमिनीत घातलेलं परत किती येतं?

नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं आहे: "माझा पुतण्या कॅल्गरीत आयटीत आहे. तिथल्या एका छोट्या कंपनीने ऑइल सँड्समधून वाफ आणि पाणी न वापरता, नुसत्या सॉल्व्हंटने तेल काढायचं तंत्र शोधलंय म्हणे. प्रयोगशाळेत ९९ टक्के तेल निघालं, सांडपाण्याची तळी लागत नाहीत, कार्बन नगण्य. निवृत्तीच्या पैशातले वीस लाख घाला, असं तो म्हणतो. तंत्र खरं आहे का? पर्यावरणाला खरंच बरं आहे का? पैसे सुरक्षित राहतील का?"

नमस्कार. मी रिझर्व्हायर इंजिनिअर, म्हणजे जमिनीखालच्या तेलसाठ्यांचा अभियंता आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात या कामाला तेवीस वर्षं झाली, त्यातली सहा सॉल्व्हंटच्या, म्हणजे डांबर विरघळवणाऱ्या रसायनाच्या, प्रयोगांवर गेली. पैशाचं उत्तर आधी देतो, कारण ते लांबवणं बरोबर नाही. वीस लाख घालू नका. तंत्रामागचं विज्ञान खरं आहे, मी स्वतः त्याने निघालेलं तेल हातात घेतलेलं आहे. पण विज्ञान खरं असणं आणि त्यावर तुमचे पैसे परत येणं, यांच्यामध्ये वीस-पंचवीस वर्षं, काहीशे मीटर दगड-माती आणि दोन सरकारं उभी आहेत. ती कशी, ते सांगतो.

अथाबास्का नदीच्या खोऱ्यात फोर्ट मॅकमरेच्या आसपास, शिवाय कोल्ड लेक आणि पीस रिव्हर इथे, मिळून सुमारे १ लाख ४२ हजार चौरस किलोमीटर जमिनीखाली ही डांबरी वाळू आहे. महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्याएवढा हा पट्टा. काढण्याजोगा साठा १६० अब्ज पिंपांच्या आसपास धरतात. त्यातला साधारण पाचवा हिस्सा इतका वर आहे की खाण खणून काढता येतो. बाकीचा खोल आहे, तो जागच्या जागी पातळ करून विहिरीतून उपसावा लागतो. तुमच्या पुतण्याची कंपनी या दुसऱ्या प्रकारातली दिसते.

हे तेल म्हणजे काय, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. जानेवारीत, उणे तीस अंशांत, भोक पाडून काढलेला वाळूचा दंडगोल ट्रेमध्ये ठेवला की तो चिक्कीसारखा कट्कन मोडतो. तोच तुकडा ट्रेलरमध्ये हीटरशेजारी ठेवा. अर्ध्या तासात कडा मऊ पडतात, बोट लावलं तर काळं होतं, आणि पावसाळ्याआधी गल्लीत रस्ता करताना जो वास येतो तोच वास खोलीभर पसरतो. जमिनीत याचं तापमान दहा-बारा अंश असतं आणि घट्टपणा पाण्याच्या लाखो पट. ते वाहत नाही. त्याला वाहायला लावायचे दोनच मार्ग आहेत: गरम करा, नाहीतर कशात तरी विरघळवा. गेल्या शंभर वर्षांतलं प्रत्येक "नवं तंत्र" या दोन मार्गांपैकी एकाचं किंवा दोन्हींच्या मिश्रणाचं रूप आहे.

आज चालतं ते मुख्यतः वाफेवर. सॅग-डी म्हणतात त्याला. रॉजर बटलर या अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या शेवटी इम्पीरियल ऑइलमध्ये असताना ही कल्पना मांडली. दोन आडव्या विहिरी, एकीच्या वर पाच मीटरवर दुसरी, लांबी आठशे मीटर ते एक किलोमीटर. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची. वाफेची एक पोकळी तयार होते, तिच्या कडेने डांबर पातळ होऊन पाण्यासकट खाली ओघळतं, खालची विहीर ते उपसते. ऐकायला सोपं आहे. रोज चालवताना डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं, कारण खालच्या विहिरीवर द्रवाचा थर राहिला नाही तर वाफ थेट आत घुसते आणि विहिरीची जाळी खाऊन टाकते. एवढी सरळ कल्पना, पण तिला किती काळ लागला पाहा. अल्बर्टा सरकारने १९७४ मध्ये ऑस्ट्रा नावाची संशोधन संस्था काढली, तिने सार्वजनिक पैशातून जमिनीखाली बोगदे खणून प्रयोगकेंद्र उभारलं, १९८७ मध्ये तिथे वाफ सोडली, आणि व्यापारी पातळीवरचा पहिला प्रकल्प, फोस्टर क्रीक, २००१ मध्ये आला. कल्पनेपासून धंद्यापर्यंत वीस वर्षांहून जास्त, तेही सरकार पाठीशी असताना.

सॉल्व्हंटचं घोडंही तितक्याच वेगाने चाललं आहे. बटलर यांनीच १९९० च्या सुमाराला वाफेऐवजी सॉल्व्हंटची वाफ वापरण्याची पद्धत मांडली होती. पुढे एन-सॉल्व्ह या कंपनीने फोर्ट मॅकमरेजवळ सनकोर या तेल कंपनीच्या डोव्हर या जागेत ब्युटेन या सॉल्व्हंटवर चालणारा प्रयोग २०१४ मध्ये सुरू केला. तेल निघालं, चांगलं निघालं, काही वर्षांनी प्रयोग थांबला, आणि त्यातून मोठा व्यापारी प्रकल्प उभा राहिला नाही. इम्पीरियल ऑइलने कोल्ड लेकमध्ये अनेक वर्षं वाफेत सॉल्व्हंट मिसळून पाहिलं आणि २०२४ मध्ये ग्रँड रॅपिड्स प्रकल्पातून दिवसाला १५ हजार पिंपांच्या क्षमतेने ते व्यापारी पातळीवर आणलं. प्रत्येक पिंपामागचं उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत कमी होईल, असा त्या कंपनीचा दावा आहे. पण तिथेही वाफ आहेच, सॉल्व्हंट तिच्या मदतीला आहे. आणि त्यामागे शतकभर जुनी, रिफायनऱ्या असलेली कंपनी आहे, जी दहा वर्षं थांबू शकते.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो: ते ९९ टक्के.

प्रयोगशाळेत आम्ही पाण्याच्या बाटलीएवढ्या नळकांड्यात स्वच्छ, एकसारखी वाळू ठासतो, तिच्यात डांबर भरतो आणि सॉल्व्हंट सोडतो. ९९ टक्के निघतं, मीही काढलेलं आहे. जमिनीखाली मात्र ११ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणि भरती-ओहोटीने टाकलेला गाळ आहे. वाळूत तिरक्या चिखलाच्या पट्ट्या आहेत, काही मजबूत, काही तुटक. कुठे वर वायूचा थर आहे, कुठे पाण्याचा, कुठे वाळू आहे पण तिच्यात डांबर अर्धंच. वाफ असो की सॉल्व्हंट, त्याला या पाणथळ किंवा पोकळ थरांची वाट सापडली की ते तिकडेच जातं. आमच्यात त्यांना चोर थर म्हणतात.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे या धंद्यात शब्दशः खरं ठरलेलं आहे. लाँग लेक हे त्याचं उदाहरण. नेक्सन आणि ऑप्टी कॅनडा या दोन कंपन्यांनी तिथे सॅग-डीला एका नव्या यंत्रणेची जोड दिली. डांबरातलाच जड भाग जाळून त्याचा वायू करायचा आणि त्यावर वाफ तयार करायची, म्हणजे बाहेरून नैसर्गिक वायू विकत घ्यायला नको. कल्पना बुद्धिमान होती, सहा अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला, रोज ७२ हजार पिंप डांबर काढायचं ठरलं. वरच्या यंत्रणेबद्दल लोक वर्षानुवर्षं बोलत राहिले. खरी अडचण खाली निघाली: वाळूत पाणथळ पट्टे, त्यामुळे एका पिंपामागे वाफ अपेक्षेच्या कितीतरी वर. उत्पादन वर्षानुवर्षं ठरवलेल्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळलं. ऑप्टीने २०११ मध्ये धनकोंपासून न्यायालयाचं संरक्षण मागितलं. ज्यांनी तिचे शेअर "तंत्रज्ञान पाहून" घेतले होते, त्यांच्या हाती फार काही लागलं नाही.

सॉल्व्हंटच्या बाबतीत चोर थर आणखी महागात पडतो. वाफ हरवली तर पाणी आणि उष्णता हरवते. सॉल्व्हंट हरवला तर विकत घेतलेला महाग माल हरवतो. हे वाक्य तुमच्या पुतण्याला दोनदा वाचायला सांगा.

मी ज्या प्रयोगावर होतो त्याचं आणि कंपनीचं नाव घेत नाही. रोज सकाळी साडेसहाला बैठक असायची. फळ्यावर तीन रकाने: आत, बाहेर, फरक. काल किती सॉल्व्हंट आत सोडला, किती परत आला, किती उरला. पहिले काही महिने फरक मोठा होता आणि त्याचं कारणही खरं होतं, कारण डांबर निघून गेलेल्या पोकळीत सॉल्व्हंटची वाफ भरून राहते, ती शेवटी दाब उतरवला की परत काढता येते. "तो खाली ठेव म्हणून आहे," असं आम्ही म्हणायचो. मग फरक पोकळीच्या हिशोबापेक्षा वाढायला लागला. एका निरीक्षण विहिरीतला तापमापक, जो आमच्या पोकळीच्या बराच वर होता, त्याचा आकडा हळूहळू सरकायला लागला. सॉल्व्हंटने वरच्या पाणथळ थरातून वाट काढली होती. शेवटी दाब उतरवून काही परत मिळालं, पण ठरवलेल्या आकड्याच्या जवळपासही नाही. त्यानंतर गुंतवणूकदारांसमोर जो तक्ता लावला गेला, त्यात चांगल्या महिन्यांचे आकडे होते. मी त्या खोलीत होतो आणि बोललो नाही. त्याची खंत अजून आहे, आणि तुम्हाला एवढं सविस्तर लिहिण्यामागे तीही आहे.

आता हिशोब मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत, सगळे कॅनडाच्या डॉलरमध्ये.

चांगल्या सॅग-डी प्रकल्पात एका पिंप डांबरामागे सुमारे अडीच पिंप पाण्याची वाफ लागते. तेवढी वाफ करायला हजार घनफुटांच्या आसपास नैसर्गिक वायू जळतो आणि ५० ते ५५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो वायू अल्बर्टात गेली कित्येक वर्षं दोन-तीन डॉलरला मिळतो, कधी त्याहूनही स्वस्त. म्हणजे वाफेचं जळण एका पिंपामागे फार तर तीन डॉलरचं.

आता समजा सॉल्व्हंटच्या पद्धतीत एका पिंप डांबरासाठी एक पिंप ब्युटेन फिरवावा लागतो आणि त्यातला ९० टक्के परत येतो. ऐकायला ९० टक्के छान वाटतं. पण ब्युटेन ५० डॉलर पिंप धरला तर दर पिंप डांबरामागे पाच डॉलर जमिनीत राहिले. ८० टक्के परत आला तर दहा डॉलर. तीन डॉलरचं जळण वाचवायला दहा डॉलर पुरले. वर सॉल्व्हंट शुद्ध करायची, दाबायची, साठवायची यंत्रणा वेगळी. सॉल्व्हंट हरलेला आहे असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी तो एवढा जलद डांबर सोडवतो की विहिरी कमी लागतात, पाणी शुद्ध करण्याचा मोठा कारखानाच टळतो, आणि हिशोब जुळतो. पण तो जुळणं तीन आकड्यांवर टांगलेलं आहे: परत येणाऱ्या सॉल्व्हंटचं प्रमाण, नैसर्गिक वायूचा भाव आणि कार्बनची किंमत. पहिला आकडा दोन-तीन वर्षं प्रयोग चालवल्याशिवाय कुणालाच कळत नाही. दुसरा बाजार ठरवतो. तिसरा सरकार.

कार्बनच्या किमतीचंच घ्या. अल्बर्टात मोठ्या उद्योगांसाठी ती टनाला ९५ डॉलरपर्यंत चढत आली आणि २०२५ मध्ये प्रांताच्या सरकारने ती तिथेच गोठवली. त्याआधी केंद्राच्या वेळापत्रकात ती २०३० पर्यंत १७० वर जायची होती. ज्याने १७० धरून आपला प्रकल्प फायद्यात दाखवला असेल, त्याचं गणित एका घोषणेत बदललं. त्यातही कंपनीला सगळ्या उत्सर्जनावर पैसे भरावे लागत नाहीत, ठरलेल्या मर्यादेच्या वरच्यावरच. "आमचं कार्बन कमी, म्हणून आम्ही जिंकणार" असं कंपनी म्हणते तेव्हा, कुठल्या वर्षाची कोणती किंमत धरली आहे, ते विचारा.

पर्यावरणाचं उत्तर गुंतागुंतीचं आहे आणि मला ते महत्त्वाचं वाटतं, म्हणून घाई करत नाही.

सॉल्व्हंटच्या बाजूने खरं ते आधी. जळण कमी, म्हणून खाली डांबर काढतानाचं उत्सर्जन बरंच उतरतं. पाणी कमी लागतं. दाब आणि तापमान कमी असल्यामुळे वरच्या दगडाच्या थरावर ताण कमी येतो, आणि ही क्षुल्लक गोष्ट नाही. १८ मे २००६ रोजी टोटल कंपनीच्या जॉस्लिन क्रीक प्रकल्पात वाफेने वरचा थर फोडला आणि जमिनीला सुमारे सव्वाशे मीटर लांब, पाऊणशे मीटर रुंद खड्डा पडला. उथळ जागी जास्त दाबाने वाफ सोडली होती. प्रिमरोज भागात कॅनेडियन नॅचरलच्या जागेत २००९ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये डांबराचं मिश्रण जमिनीतून वर झिरपलं, जंगलात आणि पाणथळीत दिवसेंदिवस येत राहिलं. या जखमा वाफेच्या दाबाशी जोडलेल्या आहेत. सॉल्व्हंट त्या टाळू शकतो.

पण उत्सर्जन "नगण्य" कसं? ते तेल शेवटी गाडीत जळणारच. एका पिंपाच्या आयुष्यातलं बहुतेक उत्सर्जन काढताना होतच नाही, वापरताना होतं. कंपनी फक्त आपल्या कुंपणाच्या आतला हिशोब सांगते आहे, आणि तो तेवढाच आहे असं प्रामाणिकपणे सांगितलं तर चालतं.

"तळी लागत नाहीत" हेही तपासून घ्या. खोल डांबर जागच्या जागी काढणाऱ्या कुठल्याच प्रकल्पाला ती तळी लागत नाहीत, वाफेवाल्यालाही नाही. तळी खाणवाल्यांची असतात. म्हणजे हा नव्या तंत्राचा गुण म्हणून सांगितला जात असेल, तर सांगणाऱ्याला माहिती कमी आहे किंवा तुम्हाला कमी आहे असं त्याने गृहीत धरलं आहे.

खाणींची तळी मात्र एकदा समजून घ्या, कारण "नवं तंत्र" हा शब्द तिथेही वापरला गेला होता. १९२० च्या दशकात कार्ल क्लार्क यांनी गरम पाण्याने वाळूपासून डांबर सुटं करायची पद्धत बसवली. अथाबास्काच्या वाळूच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून ती चालते. १९६७ मध्ये पहिली मोठी खाण सुरू झाली. धुऊन उरलेलं पाणी, वाळू, चिखल आणि थोडं डांबर तळ्यात सोडलं. वाळू बसली, बारीक चिखल मात्र दह्यासारखा तरंगत राहिला. काही वर्षांत बसेल असं वाटलं होतं, दशकं गेली तरी तो बसलेला नाही. आज अशा द्रव गाळाचा साठा १३० कोटी घनमीटरच्या वर आहे. एप्रिल २००८ मध्ये सिंक्रूड या खाण कंपनीच्या एका तळ्यावर उतरलेली १६०० च्या वर बदकं मेली. गाळाबद्दल २००९ मध्ये नियम आला, कंपन्यांना तो पाळता आला नाही, आणि काही वर्षांत नियमच बदलला.

कर्ल ही त्यातली नव्या पिढीतली खाण, २०१३ मध्ये सुरू झालेली. डांबरातला सर्वांत जड भाग खाणीवरच वेगळा करायचा, म्हणजे पुढचा अपग्रेडर, डांबराचं हलकं तेल करणारा कारखाना, लागत नाही आणि उत्सर्जन घटतं, हे तिचं नवेपण. ते तंत्र ठरल्याप्रमाणे चाललं. पण २०२२ च्या मेमध्ये तिथल्या तळ्यातलं पाणी कुंपणाबाहेर झिरपताना दिसलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये ५३ लाख लिटर पाणी एका साठवण तळ्यातून ओसंडलं, आणि नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या अथाबास्का चिपेवायन या मूळनिवासी लोकांना नऊ महिने या झिरपण्याबद्दल नीट सांगितलंच गेलं नाही. ते लोक त्या नदीकाठचे मासे आणि शिकार खातात. नियामकाने २०२४ मध्ये ५० हजार डॉलरचा दंड केला. कारखान्यातलं तंत्र नवं होतं, मागचं तळं जुनंच होतं.

एका वस्तीत आमच्या कंपनीतर्फे माहिती द्यायला मी गेलो होतो. सॉल्व्हंटचे तक्ते लावले. एका वयस्कर कोळ्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं: "जे खाली राहील त्यावर चाळीस वर्षांनी लक्ष कोण ठेवणार?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही कुणाकडे पूर्ण उत्तर नाही, कारण सॉल्व्हंट भरलेली एवढी जुनी पोकळी अजून अस्तित्वातच नाही. दाब उतरवल्यावर जो प्रोपेन-ब्युटेन राहतो, तो वर्षानुवर्षं तिथेच राहील, सूक्ष्मजीव त्याचं काही करतील, की जुन्या, नीट न बुजवलेल्या विहिरीच्या कडेने वर चढेल? मॉडेल आहेत, मीही केली आहेत. निरीक्षणं थोडी आहेत आणि कमी वर्षांची आहेत. वाफेच्या बाबतीतही काही गोष्टी मागाहूनच कळल्या: कोल्ड लेक भागात गरम विहिरींभोवतीची माती तापल्यावर तिच्यातलं अर्सेनिक भूजलात सुटू शकतं, हे कुणी सुरुवातीला धरलं नव्हतं.

आणि जंगल. वाफ वापरा की सॉल्व्हंट, विहिरींसाठी मोकळ्या केलेल्या जागा, रस्ते, पाइप आणि सर्वेक्षणासाठी कापलेल्या सरळ रेषा लागतातच. त्या रेषांवरून लांडगे सहज धावतात आणि वूडलँड कॅरिबू हरणांचे कळप घटत जातात. कुठलंही सॉल्व्हंट हा भाग बदलत नाही.

पुन्हा पैशाकडे येतो. असं स्वप्न पूर्वीही विकलं गेलं आहे. पेट्रोबँक कंपनीने २००६ मध्ये कॉन्क्लिनजवळ जमिनीत हवा सोडून डांबराचाच थोडा भाग जाळायचा आणि त्या उष्णतेने बाकीचं वाहतं करायचं तंत्र सुरू केलं. वाफ नाही, पाणी नाही, अगदी तुमच्या पत्रातल्यासारखंच. शेअर बाजाराने तिला डोक्यावर घेतलं. २०११ मध्ये तो प्रयोग बंद झाला. यूएस ऑइल सँड्स या कॅल्गरीच्या छोट्या कंपनीने अमेरिकेतल्या युटा राज्यात संत्र्याच्या सालीतून निघणाऱ्या सॉल्व्हंटने डांबर काढायचा प्रकल्प उभारला. तिथल्या वाळूला अल्बर्टासारखा पाण्याचा पापुद्रा नाही, डांबर थेट कणाला चिकटलेलं असतं, म्हणून सॉल्व्हंट घेणं तर्कशुद्धच होतं. तेलाचा भाव पडला, भांडवल आटलं, आणि २०१७ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या, म्हणजे धनकोंच्या वसुलीसाठी नेमलेल्या व्यवस्थापकाच्या, ताब्यात गेली. या दोन्ही ठिकाणी माणसं हुशार होती आणि मनापासून काम करत होती.

तरीही ते टिकलं नाही, कारण छोट्या कंपनीकडे वेळ नसतो. अल्बर्टाचं डांबर तसंच पाइपमधून जात नाही, जवळजवळ तीस टक्के पातळ तेल मिसळावं लागतं. वर ते समुद्रापासून दूर, म्हणून पाइप भरले की भाव कोसळतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकी तेलाच्या तुलनेत ते पिंपामागे ४० अमेरिकी डॉलरहून स्वस्त विकलं जात होतं, आणि प्रांताच्या सरकारला जानेवारी २०१९ पासून उत्पादन सक्तीने कमी करावं लागलं. ट्रान्स माउंटन पाइपलाइन वाढवून मे २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती तफावत आटोक्यात आली. ती पाइपलाइनही केंद्र सरकारने २०१८ मध्ये साडेचार अब्जांना विकत घेतली आणि वाढवेपर्यंत खर्च सुमारे ३४ अब्जांवर गेला. अशा दोन वाईट वर्षांत मोठी कंपनी हात आखडून बसते. छोटी कंपनी नवे शेअर काढते, अजून स्वस्तात, आणि तुमचा हिस्सा पातळ होत जातो. तंत्र पुढे यशस्वी झालं तरी त्या यशात तुमचा वाटा चिमूटभर उरलेला असतो. शेल, टोटल, नॉर्वेची इक्विनॉर असे मोठे परदेशी खेळाडूही गेल्या दहा वर्षांत इथून आपला बराचसा किंवा सगळा हिस्सा विकून बाहेर पडले. नॉर्वेच्या सरकारी निधीने २०२० मध्ये इथल्या चार मोठ्या कंपन्या यादीतून काढल्या, त्याही उत्सर्जनाच्या कारणाने. मोठं भांडवल जिथून सावधपणे मागे सरकतं, तिथे छोट्या कंपनीला पुढच्या टप्प्याचे शेकडो कोटी कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

शेवटी सफाईचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो, तेही पाहा. खाणींच्या पुनर्वसनाचा अंदाज तीस अब्ज डॉलरच्या वर असताना, अल्बर्टा सरकारकडे त्यासाठी ठेवलेली हमी एक-दीड अब्जाच्या घरात होती. प्रमाणपत्र मिळालेली पुन्हा उभी केलेली खाणजमीन म्हणून आजही गेटवे हिल या १०४ हेक्टरच्या टेकडीचं नाव सांगितलं जातं, आणि ते प्रमाणपत्र २००८ चं आहे. छोट्या कंपनीत हे देणं ताळेबंदात टिपेच्या स्वरूपात असतं, आणि कंपनी बुडाली तर आधी भागधारक बुडतात.

तुमच्या पुतण्याचा हेतू वाईट नसणार. त्याला तीन कागद मागा. कॅनडाच्या शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीची जाहीर कागदपत्रं तिथल्या नियामकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिला, वार्षिक हिशोबाची टीप, जिथे "कंपनी पुढे चालू राहील की नाही याबद्दल मोठी शंका आहे" अशा अर्थाचं वाक्य लेखापालाने लिहिलं आहे का. दुसरा, साठ्याचा अहवाल. त्यात डांबराचं प्रमाण "राखीव साठा" म्हणून दाखवलं आहे, की "विकसित होत असलेल्या तंत्रावर अवलंबून असलेलं संसाधन" म्हणून. तिथल्या नियमाने सिद्ध न झालेल्या तंत्रावर राखीव साठा दाखवता येत नाही, म्हणून हा एक शब्द पुष्कळ काही सांगून जातो. तिसरा, जमिनीतल्या प्रयोगाचा सॉल्व्हंटचा हिशोब: आत किती, बाहेर किती, सलग किती महिने, वाईट महिने धरून. हा तिसरा कागद मिळाला नाही तर तो अजून तयारच झालेला नाही असं समजा.

मी स्वतः आजही याच क्षेत्रात काम करतो आणि सॉल्व्हंट पुढे जावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण वाफेपेक्षा त्याने जंगलाला आणि हवेला कमी त्रास होईल असं मला वाटतं. तरीही प्रयोगाच्या टप्प्यातल्या कुठल्याही कंपनीत माझा एक डॉलर नाही. तो पैसा संशोधन निधीचा, मोठ्या कंपन्यांचा असायला हवा, ज्यांना तो गेला तरी महिन्याचं वाणसामान चुकत नाही. तुमचे वीस लाख औषधपाण्याचे आहेत. कागद मिळाले तर मला पाठवा, साठ्याचा अहवाल मी वाचतो आणि त्यात कुठला चोर थर दिसतो का ते सांगतो.